शेअर आपला, पण निर्णय कुणाचा? आयसीआयसीआय सिक्युरिटीजच्या छोट्या भागधारकांचा लढा का फसला

आयसीआयसीआय बँकेचं नोंदणीकृत कार्यालय बडोद्यात आहे. या बँकेने आपली ब्रोकिंग उपकंपनी आयसीआयसीआय सिक्युरिटीज पूर्णपणे ताब्यात घेतली आणि २४ मार्च २०२५ पासून तिचा शेअर बाजारात दिसेनासा झाला. २०१८ च्या आयपीओत ५२० रुपयांना हा शेअर घेणारे अनेक छोटे गुंतवणूकदार या व्यवहाराच्या विरोधात होते. त्यांचं काही चाललं नाही. असं का झालं?

नेमका व्यवहार काय?

जून २०२३ मध्ये योजना जाहीर झाली. सिक्युरिटीजच्या १०० शेअरच्या बदल्यात बँकेचे ६७ शेअर. एरवी कंपनी बाजारातून काढायची तर 'रिव्हर्स बुक बिल्डिंग' होतं, म्हणजे किती भावाला शेअर विकणार हे भागधारक सांगतात. इथे सेबीच्या सवलतीमुळे ती पायरी टळली. भाव ठरवण्याची संधीच गेली आणि मिळणारं मोल कमी आहे, ही विरोधकांची मुख्य तक्रार होती. क्वांटम म्युच्युअल फंडही त्यांच्यात होता.

मतदानात काय झालं?

बँकेकडे सुमारे ७५ टक्के शेअर होते. म्हणून नियम असा, की बँक सोडून इतर भागधारकांच्या मतांपैकी दोन तृतीयांश मतं बाजूने हवीत. मार्च २०२४ मध्ये जवळपास ७२ टक्के मतं बाजूने पडली. पण यात मोठा वाटा म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा संस्थांचा होता. किरकोळ भागधारकांची बहुतांश मतं विरोधातच होती.

त्याच काळात बँकेचे कर्मचारी फोन करून बाजूने मत द्यायला सांगतात, अशा तक्रारी आल्या. भागधारकांना माहिती देऊन मतदानाला प्रोत्साहन देण्यासाठी संपर्क केला, असं बँकेचं म्हणणं होतं. सेबीने मात्र जून २०२४ मध्ये बँकेला प्रशासकीय ताकीद दिली. खरा प्रश्न इथेच आहे. ज्याला निकालात रस आहे, त्यानेच मतदारांना फोन लावायचे का?

न्यायाधिकरणात अडलं कुठे?

कंपनी कायद्याच्या कलम २३० नुसार अशा योजनेवर हरकत घ्यायला किमान १० टक्के शेअर लागतात. विरोधकांकडे एक टक्काही नव्हता. थोडा हिशेब करा : जनतेकडे जेमतेम २५ टक्के शेअर, त्यातले १० टक्के म्हणजे बाहेरच्या दर पाच शेअरपैकी दोन एकत्र यायला हवेत. देशभर विखुरलेल्या भागधारकांना हे जमणार कसं? ऑगस्ट २०२४ मध्ये एनसीएलटीने योजना मंजूर केली आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानेही अपील फेटाळलं.

आपण काय करायचं?

कंपनीकडून आलेला ई-मेल न वाचता पुसू नका. ई-व्होटिंग घरबसल्या, मोबाईलवरूनही करता येतं. दबावाचा फोन आला तर तारीख, वेळ, नंबर टिपून ठेवा आणि सेबीच्या 'स्कोअर्स'वर तक्रार करा. कलम २४५ खाली १०० भागधारक मिळून सामूहिक दावाही लावू शकतात. या प्रकरणात तोही मार्ग धरला गेला होता. पण मतदान उरकल्यावर जागं होण्यापेक्षा, सूचना हातात पडली त्याच दिवशी इतर भागधारकांना गाठलेलं बरं.