भांडी घासणारी शोशो

मूकपट म्हणजे चॅप्लिन आणि तुरुतुरु पळणारी माणसं, असंच वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटायचं. मास कॉमच्या अभ्यासासाठी म्हणून ‘पिकॅडिली’ लावला आणि मत बदललं.

ई. ए. ड्यूपाँ दिग्दर्शित हा १९२९ चा ब्रिटिश सिनेमा. लंडनच्या एका पॉश क्लबमध्ये गिऱ्हाईक खरकट्या प्लेटवरून तमाशा करतं. मालक विल्मॉट जाब विचारायला आत जातो, तर भांडी घासणारी शोशो टेबलावर चढून नाचतेय आणि बाकीच्या बायका काम सोडून बघतायत! तो तिला कामावरून काढतो. पण तिचा नाच काही त्याच्या डोक्यातून जात नाही.

पुढे हीच शोशो क्लबची स्टार होते. तीही स्वतःच्या अटींवर. कॉस्च्युम कुठला, साथीला वाजवणार कोण, सगळं तीच ठरवते. मग विल्मॉट आणि ती प्रेमात पडतात. एकदा दोघं गरीब वस्तीतल्या एका पबमध्ये जातात. तिथे एक गोरी बाई काळ्या माणसाबरोबर नाचली म्हणून तिला हाकलतात. हे दोघं नुसते बघत राहतात. आपल्या प्रेमाचं काय होणार, ते त्यांना तिथेच कळतं. शेवट सांगत नाही, पण तो गोड नाही.

शोशो साकारलीय अ‍ॅना मे वाँगनं. लॉस एंजेलिसमधल्या चिनी लाँड्रीवाल्याची ही मुलगी. हॉलिवूडमधल्या साचेबद्ध भूमिकांना कंटाळून ती १९२८ मध्ये युरोपात आली. ‘पिकॅडिली’च्या श्रेयनामावलीत तिच्या आधी गिल्डा ग्रेचं नाव आहे, पण लक्षात राहते ती अ‍ॅनाच. तरी १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी नायिकेची भूमिका गोऱ्या लुईझ रायनरला मिळाली. ऑस्करही तिलाच! अमेरिकेच्या २५ सेंटच्या नाण्यावर अ‍ॅनाचा चेहरा आला, तो थेट २०२२ मध्ये.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं हा सिनेमा रिस्टोअर केलाय. त्यातल्या पिवळसर आणि निळ्या छटा परत आल्यात, नील ब्रँडचं नवं संगीतही आहे. फक्त बघताना फोन लांब ठेवा. संवाद कानावर पडत नाहीत, त्यामुळे नजर हटली की गोष्ट निसटलीच!

तुमच्या कॉलेजच्या एकांकिकेतही बॅकस्टेजची एखादी मुलगी विंगेत उभी राहून हिरॉइनचे सगळे संवाद पुटपुटत असेल. तिला सोबत घेऊन बघा.