अपघातानंतरचे दायित्व आणि भरपाईचा हक्क

बेंगळुरूच्या आग्नेयेस आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जाणारा रस्ता एके काळी शेतमळ्यांतून जात असे. आज त्याच्या दोन्ही बाजूंस कचेऱ्या आणि उंच इमारती आहेत. बेळगाव-कोल्हापूरकडून नोकरीधंद्यासाठी आलेल्या अनेकांचा दिवस याच रस्त्यावर सुरू होतो. येथे मोटारीने दुचाकीस धडक दिली, की पोलीस येण्यापूर्वीच आपसांत मिटवून टाकण्याची भाषा सुरू होते. काही हजार रुपये हाती ठेवून कोऱ्या कागदावर सही घेतली जाते. ह्या सहीची खरी किंमत किती असते, हे जखमीच्या कुटुंबास बहुधा फार उशिरा कळते.

अपघातातून दोन वेगळी दायित्वे उत्पन्न होतात. बेदरकारपणे वाहन हाकून कोणास मृत्यू आणणे हा फौजदारी गुन्हा आहे. त्याचा खटला सरकार चालवते आणि शिक्षा चालकास होते. नुकसानभरपाईचा दावा मात्र जखमीचा किंवा मृताच्या वारसांचा असतो आणि तो चालक, मालक व विमा कंपनी यांच्याविरुद्ध चालतो. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो; दाव्यात संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहतात. त्यामुळे चालक निर्दोष सुटला तरी भरपाईचा हक्क आपोआप बुडत नाही.

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार जखमीस उपचार मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांस वर्दी देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या रोषामुळे मदत करणे अशक्य होऊ शकते, हेही कायद्याने गृहीत धरले आहे; रस्त्यावरचा अनुभव कायदा करणाऱ्यांस होता, असे दिसते. जखमीच्या बाजूने पाहता वाहनाचा क्रमांक, पंचनामा, रुग्णालयातील पहिली नोंद आणि मिळकतीचा पुरावा हे चार कागद पुढे सर्वांत उपयोगी पडतात.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. बेंगळुरूत हे काम लघुवाद न्यायालयाकडे आहे. परंतु अपघात तेथे झाला म्हणून वारसांनी तेथेच खेटे घातले पाहिजेत असे नाही. कलम 166 प्रमाणे दावेदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. कोल्हापुरात राहणाऱ्या विधवेस ही तरतूद फार मोलाची आहे.

रक्कम कशी ठरते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. महिना वीस हजार रुपये मिळवणारा, स्वतःचा धंदा असलेला तीस वर्षांचा गृहस्थ पत्नी व दोन मुले मागे ठेवून गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 व 2017 च्या निर्णयांनुसार भावी वाढीपोटी चाळीस टक्के मिळवतात, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक-तृतीयांश वजा करतात आणि वार्षिक आकड्यास 17 ने गुणतात. हिशेब 38,08,000 रुपये येतो; किरकोळ बाबी निराळ्या. चूक चार आण्यांची त्याचीही ठरली, तर तेवढा भाग कमी होतो.

चूक सिद्ध न करताही काही भरपाई मिळावी, हे तत्त्व आपल्याकडे 1982 च्या दुरुस्तीने आले. मृत्यूसाठी तेव्हा 15,000 रुपये ठरले होते. त्याची कसोटी पुणे-बेंगळुरू महामार्गावरच लागली. 29 ऑक्टोबर 1987 च्या पहाटे सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर रस्त्याखाली कलंडला. पेट्रोल गळू लागले, माणसे जमली आणि काही तासांनी झालेल्या स्फोटात चाळीसहून अधिक जण दगावले. उलटून निश्चल पडलेल्या टँकरचा ‘वापर’ चालू नव्हता, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये तो फेटाळून वारसांचा हक्क मान्य केला.

2022 पासून कलम 164 खाली ही रक्कम मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. मात्र विमा कंपनीकडून ती स्वीकारली की कलम 166 चा मोठा दावा संपुष्टात येतो. वरील हिशेबातील कुटुंबाने म्हणूनच सही करण्यापूर्वी दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहावेत. दाव्याची सहा महिन्यांची मुदत 1994 मध्ये काढून टाकण्यात आली होती. 1 एप्रिल 2022 पासून ती पुन्हा कायद्यात आली आहे.