सनद कायम, बढती बंद

धारूर तालुक्यातील तेलगावी दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांखेरीज दुसरी वार्ता कानी पडेल अशी अपेक्षा आम्ही कधी केली नव्हती; परंतु पुण्याहून सुटीला आलेल्या भाच्याने दोस्तांसह माजघरात सतरंजी पसरून वीस बाजूंचा फासा टाकला, आणि घटकाभरातच 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातील पॅलादिन नामक धर्मयोद्ध्याच्या हक्कांविषयी असा वाद पेटला की वतनाच्या जुन्या तंट्याची आठवण व्हावी. भाच्याला आपल्या योद्ध्यास थोडी मंत्रविद्या शिकवायची होती. दोस्तांचे म्हणणे असे की पॅलादिनाने दुसरा 'क्लास', म्हणजे दुसरा पेशा, पत्करला की देवता रुष्ट होते आणि त्याच्या साऱ्या शक्ती तत्क्षणी लयास जातात.

हा समज फार पसरलेला आहे. पण कोणत्या कलमातून तो निघाला हे पाहू गेले तर दोन भिन्न कलमांची गल्लत झालेली आढळते. २००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत असे होते की पॅलादिनाने बुद्धिपुरस्सर दुष्कर्म केले, आचारसंहितेचा घोर भंग केला, किंवा नीती व नियम यांची वाट सोडली, तर त्याच्या दैवी शक्ती जात व प्रायश्चित्ताने त्या पुनश्च मिळत. हे सनद जप्त होणे झाले. दुसरे कलम निराळे: पॅलादिनाने अन्य पेशाची एक पायरी चढली तर पॅलादिनाच्या पायऱ्या पुढे चढण्यास त्याला कायमचा मज्जाव होई, मात्र आजवर मिळवलेल्या सर्व शक्ती त्याच्यापाशीच राहत. म्हणजे सनद कायम, बढती तेवढी बंद. पहिल्यात अपराध आहे, दुसऱ्यात अपराधाचा लवलेश नाही. आणि गंमत अशी की प्रायश्चित्ताची सोय अपराध्याला होती, या निरपराध्याला नव्हती.

पावित्र्यामुळेच हा निर्बंध आला, असेही सांगितले जाते. तसे असते तर देवाचा प्रत्यक्ष सेवक जो 'क्लेरिक', म्हणजे पुरोहित, त्याच्यावर तो सर्वांआधी लागू व्हावयास हवा होता. परंतु त्या आवृत्तीत पुरोहिताला खुशाल दुसरा पेशा करून परत येण्याची मुभा होती, आणि पॅलादिनाच्या जोडीला असाच निर्बंध होता तो 'मंक' या मुष्टियुद्धनिपुण तापसावर. आमच्या मते नियमकर्त्यांना येथे भक्तीपेक्षा एकनिष्ठ शिस्त अभिप्रेत होती. 'पॅलादिन' हा शब्दही मुळात राजप्रासादाशी संबद्ध आहे. शार्लमान बादशहाच्या कथांतील बारा वीर या नावाने ओळखले जातात, म्हणजे आपल्याकडील हुजुरातीच्या मानकऱ्यांसारखेच म्हणा ना.

हा नियम खेळाच्या जन्मापासूनचा आहे हेही खरे नव्हे. खेळ १९७४ चा, पॅलादिन १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीतला. १९७८ च्या नियमग्रंथात पॅलादिन होण्यासाठी करिश्मा किमान १७ लागे (तीन फासे एकदाच टाकून १७ वा १८ पडण्याचा संभव ५४ त एक, तेव्हा असा पुरुष दुर्मीळच), आणि तो मनुष्यच असावा लागे. एकाच वेळी अनेक पेशे चालविण्याची सवलत एल्फ, ड्वार्फ आदी मनुष्येतरांना होती. मनुष्याला ती नव्हतीच, मग तो योद्धा असो वा चोर. त्या काळी पॅलादिनाच्या वाट्याला आलेला मज्जाव असा वंशामुळे होता, धर्मामुळे नव्हे.

इतिहासाने मात्र ही शिस्त कधी मानली नाही. अनुपगिरी गोसावी संन्यासी असून फौजबंद सरदार होता, 'हिम्मतबहादूर' हा किताब मिरवीत होता. १७६१ साली पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध उभा राहिला आणि पुढे महादजी शिंद्यांच्याच पदरी चाकरीस आला. त्याची बढती कोणी रोखली नाही. खुद्द महादजींची श्रद्धा आमच्या बीडच्या मन्सूरशाहांवर होती, आणि त्या भक्तीने त्यांच्या तलवारीस अडथळा केल्याचे कोठे दिसत नाही. पेशव्यांच्या काळातील गोसाव्यांत तर भगवी वस्त्रे, शस्त्र आणि सावकारी ही तिन्ही नांदत. त्यांचा हिशेब या खेळाच्या कोणत्या रकान्यात मांडावा हा आम्हांस पडलेला प्रश्न आहे.

आता राहिला भाच्याचा निकाल. तो खेळत होता ती २०१४ ची पाचवी आवृत्ती. तीत पॅलादिनावरचा जुना निर्बंध अजिबात उरलेला नाही. अनेक पेशे घेणे हा तेथे ऐच्छिक नियम असून खेळ चालविणाऱ्याची संमती लागते, आणि जुन्या व नव्या अशा दोन्ही पेशांना लागणारे गुणांक अंगी असावे लागतात: पॅलादिनासाठी बल व करिश्मा प्रत्येकी १३, आणि पोथीतून मंत्र शिकणाऱ्या 'विझार्ड'साठी बुद्धी १३. दोस्त निरुत्तर झाले. भाच्याने विजयी मुद्रेने आपला कागद उलगडला; बल १६, करिश्मा १५ आणि बुद्धी ११ अशी नोंद निघाली.