दोन कवचांमधला फोम

फायबरची होडी आतल्या फोममुळे तरंगते, असे बहुतेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. पुराच्या दिवसांत पंचगंगेकाठी गुळाची लोखंडी काहील माणसे पलीकडे नेते, आणि तिच्यात फोमचा कणही नसतो. जे भांडे आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, ते तरंगते. फोमचे मुख्य काम वेगळे आहे. काच-रेझिनची दोन पातळ कवचे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवायची, एवढ्यासाठी तो मध्ये बसवलेला असतो.

फायबरचा पातळ पत्रा ओढला तर तुटत नाही, पण दाबला की लवतो. त्याच पत्र्याचे दोन भाग केले आणि मध्ये हलका गाभा घालून एकूण जाडी दुप्पट केली, तर वाकण्याला होणारा विरोध सुमारे सातपट होतो. जाडी चौपट केली तर तो सुमारे ३७ पट होतो, आणि वजन मात्र नावापुरते वाढते. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा साध्या कागदांच्या मानाने ताठ असतो, तो याच कारणाने. होडी वाकू लागली की एक कवच ताणले जाते, दुसरे दाबले जाते, आणि दोघांमधली घसर फोम सोसतो. म्हणून या रचनेचा सगळा भरवसा फोम आणि कवच यांच्या चिकटण्यावर आहे. तो जोड सुटला की ताठपणा गेला, मग कवच कितीही चांगले असो.

ही युक्ती होड्यांच्या आधी विमानांत रुजली. १९४० मध्ये उडालेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाचे अंग प्लायवुडच्या दोन थरांत बाल्साचे हलके लाकूड घालून केलेले होते. मराठी मुलखाच्या जवळचे मोठे उदाहरण गोव्याचे आहे. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली. तिचा गाभा फोमचा नाही, सीडरच्या लाकडी पट्ट्यांचा आहे. वर काचकापड आणि इपॉक्सी आहे, म्हणजे तत्त्व तेच. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेचा ध्यास घेतलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहिले ते फलटणजवळच्या विंचुर्णीत, समुद्रापासून चांगले लांब.

मराठवाड्यातल्या तुळजापूरपासूनही समुद्र लांबच आहे, पण तालुक्यात नळदुर्गजवळ बोरी नदीवरचे धरण आहे, आणि लहान तलावही आहेत. मराठवाड्यातल्या अशा तलावांवर मासेमार पुष्कळदा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. फोमच्या होडीकडे निघालेल्या माणसाला तोच थर्मोकोल सर्वांत आधी सुचतो, आणि पहिली फसगतही तिथेच होते. बाजारातल्या साध्या पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असते. ते लागताच थर्मोकोल बघता बघता विरघळतो आणि कवचाखाली पोकळी उरते. घरांच्या उष्णतारोधनासाठी मिळणारा निळा किंवा गुलाबी फोमही त्याच कुळातला. इपॉक्सी त्याला खात नाही, पण इपॉक्सी महाग पडते आणि थर्मोकोल मुळातच मऊ. स्वस्तातला पॉलियुरेथेन फोम विरघळत नाही, मात्र सततच्या हादऱ्यांनी कवचाखाली त्याचा भुगा होतो. होडीच्या तळासाठी योग्य तो पीव्हीसी फोम, घनमीटरला साधारण ८० किलो वजनाचा. तो मागवावा लागतो आणि खर्चाचा मोठा वाटा तोच खातो. इथे काटकसर करू नये.

घरी बांधणाऱ्याला फोमचा आणखी एक फायदा होतो. कारखान्यात आधी साचा लागतो, आणि एकाच होडीसाठी साचा करणे म्हणजे दोन होड्यांचे काम. फोमच्या बाबतीत स्वस्त प्लायवुडचे आडवे फर्मे फूट-सव्वा फुटावर जमिनीशी पक्के करून उलटे उभे केले, त्यांवर फोमच्या पट्ट्या वाकवून बसवल्या आणि फटी रेझिन-भुकटीच्या लुकणाने भरल्या, की आकार तयार होतो. मग लांब पट्टीवर पॉलिश पेपर लावून उंचवटे घासायचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि होडीचे रूप त्यातच ठरते. बाहेरचे कवच आधी चढते. ते कडक झाल्यावर होडी सुलटी करून फर्मे काढतात आणि आतले कवच देतात.

खरी परीक्षा रेझिनची. फोमच्या कापलेल्या पृष्ठभागावर उघडी छिद्रे असतात. ती आधी पातळ लुकणाने बुजवली नाहीत तर फोम पहिल्या थरातले रेझिन पिऊन टाकतो आणि काच कोरडी राहते. त्यात हवामानाची भर. सकाळी काम सुरू केले तर उन्हाबरोबर फोममधली हवा फुगते आणि ओल्या थराखाली बुडबुडे धरते. म्हणून तापमान उतरू लागल्यावर, सावलीत, दुपार कलल्यानंतर थर द्यावा. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के असते, आणि मे महिन्यात एक टक्क्याजवळच राहणे बरे. त्याहून फार कमी केले तर रेझिन कधीच पुरते कडक होत नाही. एका वेळी मगभर रेझिनच कालवावे. बादलीभर कालवले तर ते स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडून दगड होते. कोबाल्टचा प्रवेगक आणि हार्डनर हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोळवून मगच हार्डनर घालायचा. कापलेल्या काचतंतूंच्या मॅटला वजनाच्या दुपटीहून थोडे जास्त रेझिन लागते, विणलेल्या कापडाला जवळजवळ वजनाइतके. जास्तीचे रेझिन बळ देत नाही, वजन देते. हातमोजे, बाष्पासाठी कार्बनचा मुखवटा आणि मोकळी हवा यांत सूट नाही. काचेच्या धुळीची खाज दिवसभर पुरते.

बारा फुटी होडीचे कवच ९ चौरस मीटर धरले तर पाच मिलिमीटर भरीव फायबरला साधारण ७० किलो वजन येते. बारा मिलिमीटर फोम आणि दोन्हीकडे मिलिमीटरभर कवच घेतले तर ४५ किलोच्या आत काम होते. उरलेले अर्धे खरे इथे आहे: शंभर लिटरहून जास्त फोम अंगात असल्याने अशी होडी पाण्याने भरली तरी बुडत नाही. पण मिलिमीटरभर कवच टोकदार दगडापुढे टिकत नाही, आणि या भागातले काठ काळ्या बसाल्टचे आहेत. म्हणून नाळेवर आणि तळाच्या मधल्या रेघेवर दोन-तीन जादा थर हवेतच. वल्ह्यांचे खुंट, दोरीची कडी, मोटर टांगायची मागची फळी या जागी फोम काढून प्लायवुड किंवा भरीव फायबर बसवतात. फोममधून सरळ बोल्ट आवळला तर फोम चेपतो आणि भोकातून पाणी आत उतरते. रंग पांढरा असावा. गडद पृष्ठभाग मराठवाड्याच्या उन्हात सहज साठ अंशांपुढे तापतो आणि आतला फोम मऊ पडू लागतो.

दरसाल होडी कोरडी करून नाण्याने टकटक करत तपासावी. टणक आवाज म्हणजे जोड शाबूत, बद्द आवाज म्हणजे कवच सुटले. सुटलेला भाग लहान असेल तर बारीक भोके पाडून रेझिन भरतात आणि वजन ठेवून दाबतात. पाणी शिरले असेल तर मात्र वरचे कवच कापून ओला फोम काढणे, नवा बसवणे आणि कवचाच्या कडा जाडीच्या किमान बारापट रुंदीत तासून त्यावर नवे थर चढवणे, याला पर्याय नाही.