गाडी चढाला ओढत का नाही?

सभासद बंधूंनो, गाळप हंगाम संपला की आपले काही ट्रकवाले सभासद बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याला जातात. मनोरहून पालघरला जाताना वाघोबा खिंडीच्या चढाला गाडी ओढत नाही, अशी त्यांची तक्रार आमच्याकडे येते. इंजिन खोलण्याआधी आम्ही सांगतो ते क्रमाने पाहा.

प्रथम धूर पाहा. काळा असेल तर बहुधा हवा कमी पडते. एअर फिल्टर साफ करा. निळसर असेल तर ऑइल जळते, मिस्त्रीला दाखवा. धूर नेहमीचाच, पण ओढ नाही, तर डिझेल कमी पोचत असावे. टाकीचे झाकण थोडे सैल करून पाहा. ओढ परत आली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. नाही आली, तर डिझेल फिल्टरमधले पाणी काढा. किनाऱ्याच्या दमट हवेत अर्धवट टाकीत रात्री पाणी धरते. म्हणून मुक्कामाला टाकी भरून ठेवावी.

उसाच्या वाहतुकीलाही हेच लागू. तोडलेला ऊस वाटेत अडकला की वाळतो, आणि काट्यावर घट आपल्याच पदरी पडते. तरी हंगामापूर्वी फिल्टर तपासून घ्यावेत, ही विनंती.