डेमलो संख्येचे रहस्य

मुंबईहून दिल्लीकडे जाणारा हमरस्ता सुरतेजवळ कामरेजवरून जातो. तेथून क्षणोक्षणी मोटारी धावतात आणि प्रत्येकीवर एक आकडा असतो. तो वाचणारे पुष्कळ. त्या आकड्याच्या पोटात काय दडले आहे, असे विचारणारा विरळा. असा एक विरळा मनुष्य कामरेजच्या दक्षिणेस, डहाणू येथे, १९०५ साली जन्मला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळेत शिक्षक होते. डोंबिवली स्थानकावर त्यांना एक संख्यामाला सुचली आणि त्या स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी तिला ‘डेमलो’ म्हटले.

११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. असे करीत नऊ एक्क्यांचा वर्ग केला, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. डावीकडून वाचा की उजवीकडून, ती तीच. यात जादू नाही. गुणाकार मांडला की नऊ एक्क्यांची ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकून येते. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक एक्का, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ. पुढे तीच उतरंड.

या संख्येतील अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने ती निःशेष भागली जाते. कारण सोपे आहे. नऊ एक्क्यांची बेरीज ९. म्हणून मूळ संख्येला ९ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे नाव दिले.

आता दहा एक्के घ्या. मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा पुढे जातो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा होतो. पायऱ्या मोडतात. अंकांची बेरीज ८२ भरते. पण विषम संख्येला ८२ ने भाग कसा जाणार? तेव्हा हर्षदपणही गेले.

नऊ वेळा खरा ठरलेला नियम दहाव्या वेळी असा फसतो. म्हणूनच गणितात उदाहरणांची रास पुरेशी होत नाही. नियम का चालतो आणि कोठवर चालतो, हे दाखवावे लागते.

कापरेकरांच्या या संख्याप्रेमाची दखल जगाने फार उशिरा घेतली. १९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ साली ते निवर्तले. त्यांच्या संशोधनास यंत्रशाळा लागली नाही. कागद, पेन्सिल आणि ‘असे का?’ हा प्रश्न एवढेच लागले. ते आजही कोणत्याही घरात मिळण्यासारखे आहे.