कॅमेलिना : एक जुनें तेलबीज व त्याची नवी कीर्ति

कॅमेलिना नांवाच्या तेलबियेच्या तेलावर विमानें उडतात, सबब तें पीक आपल्या शेतांत करून पाहावें कीं काय, अशी पृच्छा मंडळाच्या दोघां-तिघां सभासद बंधूंनीं प्रस्तुत लेखकाकडे केली आहे. नवें पीक करून पाहण्यांत शेतकऱ्याचा एक हंगाम खर्चीं पडतो, म्हणून प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यासंबंधीं निश्चितपणें सांगतां येण्याजोगी माहिती पुढें देत आहों.

कॅमेलिना ही मोहरीच्या कुळांतील वनस्पति होय. झाड दोन-तीन फूट वाढतें, फुलें लहान व फिकट पिवळीं असतात. दाणा फार बारीक. हजार दाणे मिळून वजन ग्रॅम-दीड ग्रॅमच भरतें. युरोपांत हें पीक दोन हजार वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तेल खाण्यास आणि दिव्यास वापरीत. जवसाच्या शेतांत हें झाड तणाप्रमाणें उगवे. त्याची एक जात तर दाण्यानें व उंचीनें जवसाशीं इतकी मिळून गेली कीं, उफणतांनाहि तिचें बीं वेगळें होईना. पोलंडांत या झाडाचें नांवहि जवसावरूनच पडलेलें आहे. पुढें अधिक उत्पन्न देणाऱ्या रेप या मोहरीवर्गीय तेलबियेचा प्रसार झाला व कॅमेलिना मागें पडली.

या पिकाचे गुण नाकारण्यासारखे नाहींत. तें सुमारें ८५ ते १०० दिवसांत तयार होतें. थंडी चांगली सोसतें. हलक्या जमिनींत, थोड्या पाण्यावर व खतावर येतें. एकरीं दोन-तीन किलो बीं पुरतें. मात्र दाणा बारीक असल्यामुळें पेरणी अगदीं उथळ करावी लागते. पाणी सांचणारी जमीन त्यास मानवत नाहीं, आणि फुलोऱ्याच्या वेळीं उष्मा झाला तर उत्पन्न घटतें. मूळ थंड हवेंतलें पीक, ही गोष्ट आपल्याकडील शेतकऱ्यानें विसरूं नये. हिंदुस्थानांत उत्तराखंडांतील हल्द्वानी येथील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेनें ऑस्ट्रियांतील वाण आणून त्याचे प्रयोग केले होते.

आतां तेलाविषयीं. बियांत शेंकडा ३५ ते ४० तेल असतें. थंड दाबानें चालणाऱ्या लहान यंत्रघाण्यावर १०० किलो बियांतून ३० किलोंच्या आसपास तेल हातीं येतें, बाकीची पेंड. पेंडींत प्रथिनें शेंकडा ३५ ते ४० असतात. परंतु मोहरीच्या कुळांतील तिखट द्रव्येंहि असल्यानें ती जनावरांस व कोंबड्यांस बेतानेंच द्यावी लागते. तेलाचा गुण जवसाच्या तेलासारखा आहे, तरी तें जवसाच्या तेलापेक्षां अधिक दिवस टिकतें. पोलंडांत लहान तेलगिरण्यांवर तें आजहि काढतात, आणि उकडलेल्या बटाट्यांवर व खारवलेल्या मासळीवर घालून खातात. या पारंपरिक तेलास युरोपीय संघानें २००९ सालीं अधिकृत मान्यताहि दिली आहे.

इंधनाची गोष्ट निराळी आहे. जें तेल हवेंत सुकून त्यावर साय धरते तें रंगास चांगलें, पण एंजिनास त्रासाचें. तेलाचा हा सुकण्याचा गुण आयोडिनांकानें मोजतात. युरोपांत बायोडिझेलकरितां या अंकाची मर्यादा १२० आहे, आणि कॅमेलिनाच्या तेलाचा अंक सुमारें १५० पर्यंत जातो. म्हणून गांवच्या घाण्यावर काढलेलें तेल ट्रॅक्टरांत ओतावें, असें मुळींच नव्हे. विमानाकरितां तें मोठ्या कारखान्यांत नेऊन, भारी दाबाखालीं त्याचा हायड्रोजनशीं संयोग घडवून, नव्यानें घडवावें लागतें. असें इंधन मिसळून जपान एअरलाइन्सनें ३० जानेवारी २००९ रोजीं चार एंजिनांपैकीं एक चालवून पाहिलें; त्यांतील वनस्पतिजन्य भागांत बहुतांश कॅमेलिना व थोडा मोगली एरंड होता. २२ एप्रिल २०१० रोजीं अमेरिकन आरमाराचें लढाऊ विमानहि निम्म्या कॅमेलिना-इंधनावर उडालें. विमानें उडालीं हें खरें. पण त्यावरून शेतकऱ्याच्या मालास भाव आला असें ठरत नाहीं.

अमेरिकेंतील माँटाना राज्याचें उदाहरण पाहा. तेथें कोरडवाहू गव्हाच्या मुलखांत इंधनाच्या आशेनें कॅमेलिनाचा पेरा २००७ सालीं वीस हजार एकरांवर गेला. तीन वर्षांत तो निम्म्याहून खालीं आला. पीक येत नव्हतें असें नाहीं. गव्हाच्या भावापुढें तें टिकलें नाहीं, आणि तेलास व पेंडीस कायमचें गिऱ्हाईक जुळलें नाहीं.

हाच धडा प्रस्तुत लेखकास घरींच मिळाला आहे. २००३ सालीं नियोजन मंडळाच्या समितीनें मोगली एरंडाच्या लागवडीची शिफारस केली, आणि मग गांवोगांव त्याच्या रोपांचे विक्रेते फिरूं लागले. दुसऱ्यांच्या सात-बारांवरील पिकांच्या नोंदी तपासण्यांत ज्याची नोकरी गेली, त्या मीं २००६ सालीं एका विक्रेत्याच्या शब्दावर माळाच्या दोन एकरांत तीं रोपें लाविलीं. बीं थोडें आलें, पण तें घेणारा आलाच नाहीं. बीं विषारी असल्यामुळें त्याची पेंड ढोरांस घालण्याचीहि सोय नव्हती. पांचव्या वर्षीं झाडें उपटून सरपणास लाविलीं, आणि रोपांचा खर्च वहींत तसाच राहिला.

कॅमेलिना त्या मानानें बरी. तिचें तेल खातां येतें व पेंड वायां जात नाहीं. तरी पेरण्यापूर्वीं तीन गोष्टींची खात्री करावी : (१) बीं कोण घेणार, कोणत्या भावानें, आणि तें लेखी आहे काय; (२) जवळ बारीक दाणा गाळणारा घाणा आहे काय; (३) आपल्या जमिनींत त्याच हंगामांत जवस किंवा करडई किती देते. या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत ज्यांस हौस आहे त्यांनीं चार-पांच गुंठ्यांवर प्रयोग करावा, आणि खर्च व उत्पन्न कागदावर मांडून ठेवावें. असे हिशोब मंडळाकडे आले तर पुढील अंकीं ते अवश्य छापावे, अशी संपादकांस विनंति आहे.